टाळ, फोन आणि अर्ध्याहून कमी वारी

आधीच सांगतो, पूर्ण वारी केलेली नाही. पुणे ते तरडगाव एवढंच, म्हणजे आळंदी ते पंढरपूर जे सुमारे २५० किलोमीटर आहे त्यातले नव्वदेक, आणि त्यातही एक दिवस मुक्कामाचा. रजा सहा दिवसांची मिळाली, तीसुद्धा "तिकडे नेटवर्क असतं ना?" या प्रश्नाला हो म्हटल्यावर. तेव्हा हे वारकऱ्याने लिहिलंय असं समजू नका, वारीत घुसलेल्या माणसाने लिहिलंय.

गेलो कशाला? तर गेली तीनेक वर्षं मी सकाळी जपाला बसतो. माळ हातात, डोळे मिटलेले, सगळं व्यवस्थित, आणि विसाव्या मण्यापर्यंत मी ऑफिसात पोचलेला असतो. मेरुमणी बोटाला लागतो तेव्हा कळतं की माळ संपली, म्हणजे जप बोटांनी केला आणि मी भलतीकडंच होतो. हा सगळा दोष फोनचा असं माझं पक्कं मत होतं. सकाळी उठल्या उठल्या तोच हातात येतो, मग देवापुढे बसलं तरी डोकं त्यातच. म्हणून ठरवलं की सहा दिवस फोन बंद, रात्री फक्त तासभर घरी बोलायला चालू. मित्राचे मामा एका दिंडीबरोबर वीस-बावीस वर्षं चालतायत, त्यांच्या ओळखीने नाव लागलं, भिशी (म्हणजे दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाचे पैसे) भरली, बॅग ट्रकमध्ये टाकली आणि निघालो.

पहिला दिवस, पुणे ते सासवड

अख्ख्या वाटेतला सगळ्यात लांबचा टप्पा हाच, ३२ किलोमीटरच्या आसपास, शेवटाकडे दिवे घाट, आणि त्यात एकादशी. मामांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की पहिल्या दिवशी जोरात चालू नको, पुढे रडशील. मी जोरात चाललो.

माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या असतात आणि मागे शेकड्यांनी. आमची पुढची. दिंडीत कोण कुठं चालणार ते ठरलेलं असतं, पुढे पताकावाले, मग टाळकरी, त्यांच्यात मृदंग, मागे वीणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. मला टाळकऱ्यांच्या शेवटच्या ओळीत टाकलं, टाळ न देता. "नुसतं चाल आणि तोंडाने म्हण."

मला वाटलं होतं वारी म्हणजे शांत काहीतरी असेल, म्हणजे आवाज असणार पण आतून शांत वगैरे. हडपसरपर्यंतच ते डोक्यातून गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला मंडप, प्रत्येक मंडपात स्पीकर, प्रत्येक स्पीकरवर वेगळं गाणं, मधे कुणाचं तरी स्वागताचं भाषण, "माउली केळी घ्या, माउली पाणी घ्या", टँकरचे हॉर्न, पोलिसांच्या शिट्ट्या, आणि या सगळ्यात आमचा एक मृदंग. शहरात बसून जी गडबड नको नको होते ती इथं दहापट, आणि माणसं त्यातून नाव घेत चाललेली, जणू पाऊस पडतोय तर पडू दे.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात. आम्ही वळणावर थोडे वर होतो, खाली वळून बघितलं तर अख्खा घाट माणसांनी भरलेला, खालपासून वरपर्यंत पताका नुसत्या हलतायत. मी फोन काढला. एकच काढू म्हटलं. मग ढग आले, उजेड बदलला, मग बैल दिसले, मग सेल्फी. सासवडला पोचून मोजले, एकेचाळीस फोटो. बंद ठेवलेल्या फोनचे एकेचाळीस! दिवे घाट कसा होता असं कुणी विचारलं तर मला आजही ते फोटोच आठवतात, घाट आठवत नाही.

दुसरा दिवस, सासवड मुक्काम

सासवडला सोपानकाकांची समाधी आहे, धाकट्या भावाच्या गावात माउली दोन रात्री राहतात. सोपानकाकांची पालखीही इथूनच पंढरपूरला निघते. दर्शनाला मोठी रांग होती आणि माझ्या दोन्ही पायांना फोड आलेले, मी बाहेरूनच हात जोडले.

राहुटीत पाय पसरून बसलो होतो तर शेजारची आज्जी सुई-दोरा घेऊन आली. परभणीकडची, सत्तरी ओलांडलेली, काल डोक्यावर तुळस घेऊन अख्खा घाट चढलेली.

"पाय दे इकडं."

"आज्जी राहू द्या, तुम्ही कुठं माझ्या पायाला..."

"माउली म्हण, आज्जी काय? आन् पायाला काय झालं, पायच हाय ना? दे."

फोडातून सुई आरपार घातली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे निघून जातं, कातडी फाटत नाही. वर हळद. दोन मिनिटांचं काम, पण त्या दोन मिनिटांत तिने इकडं तिकडं बघितलं नाही की गप्पा मारल्या नाहीत.

मग तिचा फोन वाजला. बटणांचा साधा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवलेला. आणि मग जे बोलणं सुरू झालं ते अख्ख्या राहुटीने ऐकलं. "पडला का? ... किती? ... वल किती गेली? ... नगं म्हणावं त्याला, एवढ्यावर पेरू नगं. मागल्या साली बी असंच केलं आन् दुबार पेरलं. बी फुकाट येतंय का?" पंधरा मिनिटं शेत, बी, जावई, म्हैस, परत शेत. मला, खरं सांगतो, जरा हसू आलं आणि जरा बरंही वाटलं. म्हटलं बघा, पंढरीला निघालीय आणि जीव सगळा वावरात. मी निदान फोन बंद तरी ठेवलाय (फोटो सोडून).

तेवढ्यात बाहेर हरिपाठाचे टाळ लागले. आज्जी वाक्याच्या मधे होती, पलीकडचा माणूसही बोलत होता, मला त्याचा आवाज ऐकू येत होता. "ठिव, हरिपाठ लागला" एवढं म्हणून तिने बटण दाबलं, फोन पिशवीत, पिशवी कमरेला, आणि उठून ओळीत जाऊन उभी राहिली. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात तो फोन दोनदा वाजला. मी बघितलं, पुढच्या दोन बायकांनी मागे वळून बघितलं, तिने नाही. मला वाटलं कमी ऐकू येत असेल. नंतर म्हटलं, माउली तुमचा फोन वाजत होता मघाशी. म्हणाली, "वाजला की. त्याचं कामच हाय ते."

मी त्या पाऊण तासात काय केलं? ती उचलते की नाही ते बघत बसलो होतो. माझा फोन बंद होता.

तिसरा दिवस, सासवड ते जेजुरी

निघायच्या आधी तीन कर्णे होतात, म्हणजे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला तयार, तिसऱ्याला निघायचं. एक टाळकरी तापाने ट्रकमध्ये झोपला होता, मामांनी त्याचे टाळ माझ्या हातात दिले. मी म्हटलं मला येत नाही. म्हणाले, "चालायला तरी कुठं येत होतं?"

टाळांची दोरी बोटाभोवती दोन वेढे घेऊन आवळायची, नाहीतर टाळ हातात फिरतो आणि आवाज बद्द येतो. हातात घेताना हलके वाटतात. तासाभराने दोरी तर्जनीच्या मधल्या पेरावर अशी बसते की तिथं दुसरं बोटच फुटल्यासारखं वाटतं.

पण खरी गंमत वेगळीच. टाळ धरले की दोन्ही हात गेले. घाम पुसायचा तर खांद्याने, नाक खाजलं तर तसंच. फोन मी बंद केलेला नव्हताच, नुसता व्हायब्रेटवर होता (हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल), तो मांडीवर थरथरला. हात आपोआप खाली जायला निघाला आणि टाळ खिशावर आपटला. शेजारच्या काकांनी बघितलं नाही, काही बोललेही नाहीत, फक्त आपले टाळ जरा माझ्या कानाकडे सरकवून जोरात वाजवायला लागले.

घरी जपाला बसतो तेव्हा मन कुठं गेलं होतं हे कुणाला कळतं? मलाही उशिराच कळतं. इथं मन हललं की अर्ध्या मात्रेने टाळ मागे पडतो आणि पुढच्या-मागच्या सहा माणसांना ते ऐकू येतं. मृदंगवाला नुसती मान वळवतो. मन गेल्याचा आवाज होतो, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सासवड ते जेजुरी सोळा-सतरा किलोमीटरमध्ये माझा असा आवाज किती वेळा झाला ते मोजलं नाही, मोजायला लागलो की परत चुकायचं.

दुसरी गोष्ट, काय म्हणायचं ते आपण ठरवायचंच नाही. सकाळी मंगलाचरण, काकडा, भूपाळ्या, मग वासुदेव, गौळणी, दुपारनंतर वाराचे अभंग, हरिपाठ, सगळा क्रम लावून दिलेला. हे हैबतबाबा आरफळकरांनी लावलं, १८३२ च्या सुमारास. शिंद्यांच्या पदरचा माणूस, त्यामुळे वारीला लष्करासारखी शिस्त आली असं म्हणतात. त्याआधी १६८५ पासून तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत नेत होते. मला आपलं यातलं एवढंच दिसलं की पुढे काय हा प्रश्नच उरत नाही. आवडता अभंग असो नसो, जो आला तो म्हणायचा. मी दिवसभर जे करतो ते बरोब्बर याच्या उलट आहे, अंगठ्याने वर सरकवत राहायचं आणि आवडेल ते सापडेपर्यंत काहीच बघायचं नाही.

मग मन लागलं का? मधे एकदा बहुतेक लागलं. एक फाटा येणार होता, तिथं चहा मिळतो असं सकाळी कोणीतरी सांगितलेलं, मी वाट बघत होतो, आणि कळलं की तो फाटा मागे जाऊन बराच वेळ झालाय. मला मधलं काही आठवेना. वा, जमतंय की, असं मनात आलं आणि लगेच टाळ चुकला.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात. यळकोट यळकोट जय मल्हारच्या गजरात सगळं पिवळं, टाळ पिवळे, टोपी पिवळी, घामावर बसलेली हळद मानेवरून खाली. रात्री समाजआरतीला तळावर, म्हणजे पालखीच्या मुक्कामाच्या जागी गेलो आणि हे मात्र ज्याने बघितलं नसेल त्याने एकदा बघावंच. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, हजारो टाळ एकदम चालू, कान बधिर. चोपदार दंड वर करतात, लांब "होऽऽ" असा पुकारा होतो आणि सगळं बंद. म्हणजे बंदच. एवढ्या माणसांत कुठल्यातरी ट्रकचा जनरेटर ऐकू यायला लागला. आणि त्या शांततेत एका कोपऱ्यात टाळ चालूच राहिले. मला वाटलं त्यांना पुकारा ऐकू गेला नाही. तर नाही, ती तक्रार असते. ज्या दिंडीची काही तक्रार आहे ती टाळ थांबवत नाही, मग चोपदार तिकडं जातात, ऐकून घेतात, आणि मगच ते टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं, उद्या किती वाजता निघायचं, आणि मग आरती. देवापुढे उभं राहण्याआधी कुणाच्या डोक्यात काय सलतंय ते मोकळं करून घ्यायचं, हे मला फार आवडलं. माझ्याही डोक्यात बरंच चालू होतं पण टाळ ट्रकपाशी ठेवून आलो होतो.

चौथा दिवस, जेजुरी ते वाल्हे

टप्पा छोटा, बारा किलोमीटर. माझा बावीस झाला, त्याची ही हकीगत.

जेजुरीत एका घराच्या ओट्यावर फोन चार्जिंगची सोय केली होती. लाकडी फळीवर ओळीने बोर्ड ठोकलेले, शेदीडशे फोन लागलेले, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पेनने नाव. मी रात्री लावला आणि सकाळी तिसऱ्या कर्ण्याला टाळ घेऊन निघालो. पाचेक किलोमीटर गेल्यावर जाणवलं की आज मांडी गप्प आहे. फोन बंद ठेवायला निघालेला माणूस फोन विसरला याचा आनंद व्हायला हवा होता. पोटात गोळा आला. टाळ काकांकडे दिले आणि मागे फिरलो.

वारीत उलट दिशेने चालायचं म्हणजे काय ते चालल्याशिवाय कळणार नाही. डांबराच्या कडेला, काट्याकुट्यांतून, आणि समोरून माणसांचा लोंढा थांबतच नाही. पण एक झालं. तीन दिवस मी फक्त पाठी बघितल्या होत्या. दिंडीत पुढच्याची पाठ, टोपी, पिशवी एवढंच दिसतं. आता सगळे चेहरे समोरून येत होते.

त्या चेहऱ्यांवर भक्तीभाव ओसंडून वगैरे वाहत होता असं लिहिलं तर खोटं होईल. एक बाई चपलेच्या तुटलेल्या अंगठ्यावरून नवऱ्याशी भांडत होती आणि भांडता भांडता "ज्ञानोबा माउली तुकाराम" ची पाळी आली की तेवढं म्हणून परत भांडायची. एक जण चक्क झोपला होता, शेजाऱ्याच्या खांद्याला धरून, पाय तालात. एक पोरगा फोनच्या कॅमेऱ्यात स्वतःकडे बघत बोलत चालला होता. दोन म्हातारे उसाच्या बिलावर बोलत होते. एका माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता, हातात टाळ होते ना. एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "माउली, पंढरपूर हिकडं हाय!" आणि अख्खी ओळ हसली. किती जणांचं चित्त ठिकाणावर होतं माहीत नाही. पण पाय सगळ्यांचे एकाच बाजूला होते, एकटा मी सोडून.

एका झाडाखाली एक दिंडी विसाव्याला थांबली होती. सगळे बसलेले, कोणी पाय चोळतंय, कोणी बिस्किटं खातंय, वीणेकरी मात्र उभा. वीणा खाली ठेवत नाहीत. थोड्या वेळाने दुसरा एक जण तोंड धुऊन आला, आधी वीणेच्या पाया पडला, मग वीणेकऱ्याच्या. वीणेकरी त्याच्या पाया पडला आणि पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात गेला. हे होताना पहिल्याचं बोट तारेवर होतं, दुसऱ्याचं बोट तारेवर आलं आणि मगच पहिल्याने काढलं. मग पहिला सरळ जाऊन झाडाच्या बुंध्याला टेकून घोरायला लागला. त्याला बहुतेक रात्रभर झोप नसावी. मला वाटायचं अखंड म्हणजे एकाच माणसाने न थकता करायचं.

मग रथ आला. पोलिसांनी मला कडेला दाबलं, दोरीच्या अलीकडे, म्हणजे अगदी पुढे. लोक ज्या जागेसाठी धडपडतात ती जागा मला फुकट मिळाली. बैलांचा घाम दिसेल एवढ्या जवळून रथ गेला, फुलांचा आणि शेणाचा एकत्र वास, चांदीवर ऊन. मी हात जोडले. आणि माउलींच्या पादुका माझ्यासमोरून जात असताना माझ्या डोक्यात काय होतं, तर माझ्या फोनवरची चिकटपट्टी नीट बसली होती ना, कुणी आपला समजून उचलला नसेल ना. हरिपाठाची सुरुवातच देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्याने होते. आदल्या संध्याकाळी मी ते मोठ्या आवाजात म्हटलं होतं. क्षण मिळाला होता, दारही मिळालं होतं.

ओट्यावरच्या ताईंनी उरलेले फोन एका स्टीलच्या डब्यात ठेवले होते. माझ्यासारखे आणखी नऊ होते. "येतात सगळे परत," म्हणाल्या, "दोन-तीन तर दरवर्षी तेच असतात." फोन चालू केला. ऑफिसचा एकच मेसेज होता, तोही दुसऱ्याला पाठवायचा चुकून मला आलेला.

परतीची वाट कुठल्या कुठल्या दिंड्यांच्या मागून चाललो. टाळ नव्हते. हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं, मी सारखा बोटं चोळत होतो. वाल्ह्याला पोचलो तेव्हा जेवणं झाली होती. आज्जीने भाकरी झाकून ठेवली होती. कुठं गेलो होतो ते सांगितलं. "घावला का?" घावला म्हटलं. "बरं झालं. खा." मी वाट बघत होतो की आता काहीतरी बोलेल, टोमणा मारेल, उपदेश करेल. ती झोपली.

पाचवा दिवस, वाल्हे ते लोणंद

वीसेक किलोमीटर आणि दुपारपर्यंत पाऊस. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, नदी ओलांडली की सातारा जिल्हा. आम्ही पुढे निघालो होतो, स्नान दिसलं नाही, "माउली माउली" चा गजर मात्र ऐकू आला आणि आमच्याकडची सगळी माणसं होती तिथं चिखलात थांबून हात जोडून उभी राहिली.

आज्जीच्या पोराने पेरलं होतं. हिने नको म्हटलं तरी. लोणंदला तळावर ती फोनवर त्याच्यावर जे ओरडली ते लिहिण्यासारखं नाही. मग बराच वेळ गप्प बसून राहिली, तुळशीला पाणी घातलं, रोपाची एक वाळकी काडी मोडून काढली, आणि हरिपाठाला उभी राहिली. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. काकांच्या टाळांकडे कान ठेवला. फोन बॅगेत होता, बॅग ट्रकमध्ये. चालू की बंद ते आठवत नव्हतं.

सहावा दिवस, लोणंद ते तरडगाव

जेमतेम आठ किलोमीटर, पण वाटेत चांदोबाचा लिंब, म्हणजे पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या, मधे मोकळी वाट, आणि त्यातून दोन घोडे धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्याची पाठ रिकामी. रिकामी म्हणजे आपल्याला दिसायला रिकामी. हे घोडे बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे, हैबतबाबांच्या काळापासून तिथूनच येतात.

रिंगण लागायच्या आधी समोरच्या बाजूला बघितलं तर हातच हात वर, प्रत्येक हातात फोन. माझ्या हातात टाळ. खरं सांगायचं तर हळहळलो, एवढं पुढे उभा आहे आणि घरी दाखवायला काही नाही. घोडा कधी आला ते कळलंच नाही, आधी गलका आला, मग जमीन पायाखाली हलली, मग एक कान, आयाळ, गळ्यातला हार, आणि टापांनी उडालेली माती थेट तोंडावर. तीन-चार सेकंद. मला पूर्ण दिसला असंही नाही, नेमकी मधे एक पताका आली. पण ती माती अजून दातात करकरतेय असं वाटतं. लोक धावत जाऊन टापांखालची माती कपाळाला लावत होते. शेजारच्या तरुणाने शूट केलेला व्हिडिओ बघितला, त्यात एक टोपी आणि माझं कोपर आलंय.

संध्याकाळी तरडगावला टाळ परत दिले. तो तापाचा टाळकरी बरा होऊन आला होता, त्याने माझी तर्जनी उलटसुलट करून बघितली आणि "पडला घट्टा" म्हणाला. आज्जीच्या पाया पडलो, ती माझ्या पडली, हे काही शेवटपर्यंत सवयीचं झालं नाही. तिने दिंडीतल्या एका मुलीकडून माझा नंबर आपल्या फोनमध्ये घालून घेतला. कुठल्या नावाने टाकू असं मुलीने विचारलं. "टाळ चुकतोय त्या पाव्हण्याच्या नावानं," म्हणाली.

एसटीने घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जपाला बसलो, बाविसाव्या मण्याला ऑफिसात होतो.

आषाढी एकादशीला मी घरून काम करत होतो, ऑनलाइन मीटिंग चालू, वीसेक माणसं. फोन वाजला, अनोळखी नंबर, मी का कुणास ठाऊक पण उचलला.

"माउली, पोचलो बगा."

मी एकदम ओरडलोच. दर्शन झालं का विचारलं.

"बारीत हाय. रातीपासनं हुबी. कळस दिसला कालच."

"आणि पेरणीचं काय झालं? उगवलं का?"

"उगवलं म्हणत व्हता पोरगा. ह्या टायमाला ऐकलं देवानं त्याचं, माझं नाय ऐकलं." ती हसली. मागे कुठंतरी टाळ लागले, जवळच असावेत, एकदम मोठ्याने ऐकू आले. मला अजून विचारायचं होतं, मामा कसे आहेत, पाय कसे आहेत.

"ठिवते. लागलं हितं."

मी हॅलो, हॅलो माउली, म्हणत होतो. स्क्रीनवरची वीस माणसं माझ्याकडे बघत होती, माझा माइक चालूच राहिला होता.